हृदयाला मिळालेली चुकीची चिठ्ठी

दिवाळीत श्रीपूरला मामांकडे गेलो होतो. माळशिरस तालुक्यातल्या या गावाची दिवाळी म्हणजे एक डोळा फराळाकडे आणि दुसरा कारखान्याच्या धुराड्याकडे. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली आणि या माळावर साखर कारखाना उभा राहिला. पुढे पांडुरंग सहकारी कारखानाही इथंच आला. त्यामुळे गावातल्या बऱ्याच घरांत कुणी ना कुणी कारखान्याच्या कामावर असतो किंवा होता. मामांचीही सगळी नोकरी शेतकी खात्यात गेली. कुठल्या गटातला ऊस कधी तोडायचा, कुणाला तोडीची चिठ्ठी द्यायची, कुणाची थांबवायची, हे त्यांचं काम.

दीड वर्षापूर्वी त्यांना हार्ट अटॅक आला. स्टेंट टाकली, बरे झाले. पण या उन्हाळ्यापासून दम लागू लागला. आधी जिना चढताना, मग चालताना, मग नुसतं आडवं पडलं तरी. रात्री दोन उशा लागू लागल्या. पायांवर सूज आली. चप्पल होईना. शेवटी अकलूजला दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी आले तेव्हा कागदावर डॉक्टरांनी लिहिलं होतं : ‘हार्ट फेल्युअर’.

फराळ झाल्यावर मामांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला. मी डॉक्टर नाही, जीवशास्त्र शिकवतो. पण नात्यात तेवढंही पुरतं.

“अरे, हार्ट फेल झालं म्हणजे माणूस गेला, असं आपण म्हणतो. मग हा इथं चिवडा खात बसलाय तो कोण?”

आम्ही हसलो. पण पुढचा प्रश्न हसण्यासारखा नव्हता. त्यांच्या मोबाइलवर कुणीतरी बातमी पाठवली होती. २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ‘मायक्रोआरएनए’च्या शोधाला मिळालं असून त्यामुळे आता निकामी हृदय पुन्हा नवं होणार, असा तिचा सूर होता. मामा म्हणाले, “मग या एवढ्या गोळ्या कशाला गिळायच्या? सूज तर उतरलीय. आणि यातली एक तर शुगरची आहे. मला शुगर नाही.” मागून मामींचा आवाज आला, “आठ दिवस झाले, अर्ध्या गोळ्या डबीत तशाच आहेत.”

हा लेख मामांच्या त्या दोन प्रश्नांचं उत्तर आहे. नवं औषध खरंच आलं आहे का? आणि ते येणार असेल, तर आजच्या गोळ्यांचं काय?

बंद पडत नाही, कमी पडतं

‘हार्ट फेल्युअर’ या शब्दानं फार घोटाळा केला आहे. हृदय बंद पडणं ही एक गोष्ट, हृदयाची रक्तवाहिनी अचानक बुजून हार्ट अटॅक येणं ही दुसरी आणि हार्ट फेल्युअर ही तिसरी. यात हृदय चालूच असतं. दिवसाला सुमारे एक लाख ठोके ते देतच असतं. पण शरीराला लागेल तेवढं रक्त पुढे ढकलण्यात ते कमी पडतं. मागे रक्त तुंबतं. फुप्फुसात पाणी साठलं की दम लागतो, पायांत साठलं की सूज येते.

आपल्याकडे याला ‘पंपिंग कमी झालं’ म्हणतात, ते बरंच बरोबर आहे. इकोच्या रिपोर्टवर पंपिंगचा आकडा येतो आणि तो वाचून घरचे घाबरतात. पंपिंग ३० टक्के म्हणजे हृदय ७० टक्के गेलं, असा हिशेब लावतात. तो चुकीचा आहे. निरोगी हृदयसुद्धा प्रत्येक ठोक्याला आत आलेल्या रक्तापैकी साधारण ५५ ते ७० टक्केच बाहेर टाकतं. त्यामुळे ३० हा आकडा काळजीचा असला, तरी तो शंभरातून नव्हे, साठ-पासष्टातून मोजायचा.

हृदय कमी का पडतं? अटॅकमध्ये स्नायूचा एक भाग मरतो. एका मोठ्या अटॅकमध्ये शंभर कोटींपर्यंत पेशी जाऊ शकतात. हृदयाच्या स्नायूपेशी नव्यानं फारशा तयार होत नाहीत. पंचविशीत वर्षाला एक टक्का आणि पंचाहत्तरीत त्याच्या निम्म्याहून कमी, इतकाच त्यांचा बदल. मेलेल्या जागी चिवट वण तयार होतो. तो आकुंचन पावत नाही. उरलेल्या स्नायूवर सगळा भार येतो. अनेक वर्षांचा उच्च रक्तदाब, झडपांचा आजार, दारू, काही विषाणू हेही हृदयाला इथवर आणू शकतात.

इथवरची गोष्ट यंत्राची आहे. पंप झिजला, भार वाढला. अनेक वर्षं डॉक्टरही याच भाषेत विचार करायचे. पण एक कोडं उरत होतं. अटॅक एकदाच येतो, वण एकदाच पडतो. मग उरलेलं चांगलं हृदय पुढे महिनोन् महिने का बिघडत जातं? ते फुगतं, त्याची भिंत आधी जाड आणि मग पातळ होते, ठणठणीत पेशींच्या मधेही ताठर धागे वाढत जातात. हे नुसतं झिजणं नाही. आतून कुणीतरी तसे आदेश देत असल्यासारखं ते चालतं.

तोडीची चिठ्ठी आणि थांबवणारा हात

मामांना मी त्यांच्याच खात्याचं उदाहरण दिलं.

शेतकी ऑफिसात सगळ्या उसाची नोंद असलेलं मोठं रजिस्टर असतं. ते कुणी शेतात नेत नाही. त्यातून एकेक चिठ्ठी निघते, ती टोळीपर्यंत पोचते, ऊस तुटतो आणि गाळपाला येतो. आपल्या पेशीतही असंच आहे. डीएनए हे रजिस्टर. ते पेशीच्या केंद्रकात कुलूपबंद असतं. त्यातल्या हव्या त्या जनुकाची नक्कल निघते. तिला संदेशवाहक आरएनए म्हणतात. कोविडच्या लशींच्या वेळी ‘एमआरएनए’ हा शब्द आपण ऐकला, तो हाच. ही चिठ्ठी पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रापर्यंत जाते आणि तिच्यावर लिहिलेलं प्रथिन तयार होतं.

हृदयाच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत रजिस्टर एकच असतं. कोणत्या चिठ्ठ्या निघतात आणि त्यातल्या किती अमलात येतात, यावरून ती पेशी काय काम करणार हे ठरतं. चिठ्ठी निघाली म्हणजे ऊस तुटलाच असं नसतं, हे मामांना सांगावं लागलं नाही. “मधेच कुणाचा तरी फोन येतो,” ते म्हणाले.

पेशीत तो फोन करणारा म्हणजे मायक्रोआरएनए. हा आरएनएचाच अगदी छोटा तुकडा. संदेशवाहक आरएनए हजारो अक्षरांचा असू शकतो, तर हा जेमतेम २२ अक्षरांचा. तो स्वतः कोणतंही प्रथिन बनवत नाही. ज्या चिठ्ठीवरची काही अक्षरं त्याच्या अक्षरांशी जुळतात, तिला तो जाऊन चिकटतो. मग ती चिठ्ठी वाचली जात नाही किंवा फाडून टाकली जाते. प्रथिन कमी बनतं.

यातली खुबी अशी, की जुळायला सहा ते आठ अक्षरंही पुरतात. त्यामुळे एकच मायक्रोआरएनए शेकडो वेगवेगळ्या चिठ्ठ्या अडवू शकतो. माणसात असे हजाराहून जास्त मायक्रोआरएनए आहेत. ते बहुतेकदा काम साफ बंद करत नाहीत. कुठे थोडं कमी, कुठे थोडं जास्त, असा तोल राखतात.

मातीतल्या सूत्रकृमीपासून नोबेलपर्यंत

याचा शोध हृदयात लागला नाही. तो लागला एक मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीत. आपल्याकडच्या डाळिंब बागायतदारांना सूत्रकृमी म्हटलं की मुळांवरच्या गाठी आठवतात. हा त्यांचाच एक निरुपद्रवी भाऊबंद. मातीत आणि कुजणाऱ्या पाल्यात राहतो, जिवाणू खातो.

व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकन हे दोघं अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात एकाच प्रयोगशाळेत या कृमीवर काम करत होते. कृमीच्या वाढीचं वेळापत्रक बिघडवणारी दोन जनुकं त्यांना कोड्यात टाकत होती. पुढे दोघांनी आपापल्या प्रयोगशाळेत एकेक जनुक हाती घेतलं. अँब्रोस यांच्या जनुकातून प्रथिन बनतच नव्हतं, निघत होता तो आरएनएचा एक चिमुकला तुकडा. रुव्हकन यांच्या जनुकाच्या चिठ्ठीवर त्या तुकड्याशी जुळणारी अक्षरं होती. दोघांनी आपली माहिती शेजारी शेजारी ठेवली आणि उलगडा झाला. १९९३ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं, तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. कृमीतली काहीतरी गंमत, एवढीच त्याची किंमत झाली. २००० मध्ये रुव्हकन यांच्या गटाला दुसरा मायक्रोआरएनए सापडला आणि तो माणसासकट बहुतेक प्राण्यांत असल्याचं दिसलं, तेव्हा सगळ्यांचे कान टवकारले. ७ ऑक्टोबर २०२४ ला दोघांना नोबेल जाहीर झालं.

म्हणजे मामांकडे आलेली बातमी निम्मी खरी होती. नोबेल मिळालं ते पेशीतली ही व्यवस्था शोधल्याबद्दल. हृदयाच्या औषधाबद्दल नव्हे.

हृदय पोटातल्या दिवसांकडे परततं

आता त्या कोड्याकडे येऊ. उरलेलं हृदय का बिघडत जातं?

अमेरिकेत डॅलस इथल्या एरिक ओल्सन यांच्या प्रयोगशाळेत एव्हा व्हॅन रोई यांनी २००६ मध्ये दाखवलं, की ताणाखाली आलेल्या हृदयात ठरावीक मायक्रोआरएनए वाढतात आणि ठरावीक कमी होतात. २००७ मध्ये जर्मनीतले थॉमस थुम आणि सहकाऱ्यांनी निकामी होत चाललेल्या मानवी हृदयांतले मायक्रोआरएनए तपासले आणि त्यांची तुलना गर्भातल्या हृदयाशी केली. दोन्हींत कमालीचं साम्य निघालं.

याचा अर्थ असा. आईच्या पोटात असताना हृदयाचं काम वेगळं असतं. प्राणवायू कमी, फुप्फुसं अजून सुरू नाहीत. त्यामुळे त्या हृदयाचं इंधन वेगळं, प्रथिनांची जडणघडण वेगळी, सगळा कारभार काटकसरीचा. जन्मानंतर तो कार्यक्रम बंद होतो आणि मोठेपणचा सुरू होतो. अतिताणात सापडलेलं हृदय मात्र तो जुना कार्यक्रम पुन्हा उघडतं. थोडे दिवस त्याचा उपयोग होतही असेल. पण पंचावन्न-साठ वर्षांच्या माणसाचं रक्त फिरवायला पोटातल्या बाळाचा कार्यक्रम कसा पुरणार? हृदय त्याच चिठ्ठ्या वाचत राहतं आणि खचत जातं.

या गोंधळात मायक्रोआरएनएचा हात नुसता शेजारी उभं राहण्यापुरता आहे की कर्त्याचा, हे बघायला त्यांना काढून टाकावं लागतं. डॅलसच्या गटानं २००७ मध्ये तेच केलं. ‘२०८’ क्रमांकाचा एक मायक्रोआरएनए जवळजवळ हृदयातच असतो. हृदयाच्या स्नायूचं मुख्य प्रथिन बनवणाऱ्या जनुकाच्या पोटातच त्याची जागा आहे. तो नसलेले उंदीर तयार केले आणि त्यांच्या हृदयावर दाब वाढवला. एरवी अशा वेळी हृदय जाड आणि ताठर होतं. या उंदरांत ते तसं झालं नाही. २०११ मध्ये, खारट खुराकानं रक्तदाब वाढून हृदय निकामी होणाऱ्या जातीच्या उंदरांना हा मायक्रोआरएनए रोखणारी इंजेक्शनं दिली. त्यांचं हृदय सुधारलं आणि ते जास्त जगले.

म्हणजे बिघाडाचा एक मोठा वाटा स्नायू मरण्याचा नव्हे, तर जिवंत स्नायूला मिळणाऱ्या चुकीच्या आदेशांचा आहे. मेलेली पेशी परत आणणं फार अवघड. आदेश बदलणं त्या मानानं सोपं. सगळ्या आशेचा पाया हा एवढाच आहे.

थांबवणाऱ्याला थांबवायचं

वाढलेल्या मायक्रोआरएनएला रोखायची युक्ती साधी आहे. त्याच्या अक्षरांना बरोबर उलट जुळेल असा आरएनएसारखा तुकडा प्रयोगशाळेत बनवायचा आणि शिरेतून द्यायचा. तो जाऊन मायक्रोआरएनएला असा घट्ट मिठी मारतो, की त्याला दुसरी चिठ्ठी अडवताच येत नाही.

या रांगेत २०२४ मध्ये सगळ्यात पुढे होता ‘१३२’ क्रमांकाचा मायक्रोआरएनए. जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या वैद्यकीय विद्यापीठात थुम यांच्या गटानं २०१२ मध्ये दाखवलं, की तो वाढला की उंदरांचं हृदय फुगतं आणि तो नसलेले उंदीर बचावतात. पेशीत कॅल्शियमची ये-जा सांभाळणाऱ्या प्रथिनाची चिठ्ठी तो अडवतो. कॅल्शियमची ही ये-जा म्हणजेच हृदयाचं आकुंचन आणि प्रसरण. त्याला रोखणारं औषध तयार झालं, डुकरांत तपासलं गेलं आणि मग माणसांत आलं.

पहिली मानवी चाचणी लंडनमध्ये झाली. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्ण फक्त २८ होते, सगळे हार्ट फेल्युअरवरच्या नेहमीच्या गोळ्या घेणारे. काहींना औषध, काहींना नुसतं सलाइन. चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस. औषध सोसलं, गंभीर त्रास झाला नाही. हृदयावरचा ताण दाखवणारा रक्तातला घटक औषध घेतलेल्यांत साधारण २३ टक्क्यांनी उतरला, इतरांत तो जवळपास तेवढाच राहिला.

हा आकडा चांगला आहे. पण २८ माणसांवरून कोणतंही औषध सिद्ध होत नाही. म्हणून अटॅकनंतर पंपिंग कमी झालेल्या सुमारे २८० रुग्णांची दुसऱ्या टप्प्याची चाचणी हाती घेण्यात आली. या औषधामागची जर्मन कंपनी २०२४ च्या मार्चमध्ये डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्कनं एक अब्ज युरोपर्यंतच्या, म्हणजे नऊ हजार कोटी रुपयांच्या आसपासच्या, व्यवहारात घ्यायचं ठरवलं. पैसे लावणाऱ्यांना आशा वाटली, एवढंच त्यातून कळतं. आज या घटकेला मायक्रोआरएनएवर चालणारं हृदयाचं एकही औषध जगात कुठल्याच दुकानात विकत मिळत नाही. तसं कुणी विकायला आलं, तर तो फसवतो आहे.

त्या डुकरांची गोष्ट

मामांना मी आणखी एक गोष्ट सांगितली. ती सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

मायक्रोआरएनए रोखायचा, ही एक वाट. दुसरी वाट उलटी आहे : चांगला मायक्रोआरएनए वाढवायचा. ‘१९९’ क्रमांकाचा मायक्रोआरएनए हृदयपेशींना पुन्हा विभागायला लावतो, असं दिसलं होतं. म्हणजे आदेश बदलण्याच्या पुढे जाऊन नव्या पेशीच बनवायच्या. इटलीतले माउरो जाका आणि सहकाऱ्यांनी अटॅक आणवलेल्या डुकरांच्या हृदयात एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर बसवून तो सोडला. डुकराचं हृदय आपल्यासारखंच असतं, म्हणून या प्रयोगाकडे सगळ्यांचं लक्ष होतं. महिन्याभरात वण लहान झाला, पंपिंग सुधारलं, नवे स्नायू दिसू लागले.

आणि मग डुकरं अचानक मरू लागली. दीर्घकाळ देखरेखीखाली ठेवलेल्या दहापैकी सात गेली. कारण, आदेश थांबवायची सोय नव्हती. अर्धवट, अपक्व पेशी वाढतच राहिल्या, त्यांनी ठोक्याची लय बिघडवली. हे सगळं संशोधकांनी २०१९ मध्ये लपवाछपवी न करता प्रसिद्ध केलं.

एक शिक्का शंभर चिठ्ठ्यांवर चालतो, ही मायक्रोआरएनएची ताकद आहे आणि धोकाही तोच. कर्करोगावरच्या एका मायक्रोआरएनए औषधाची चाचणी २०१६ मध्ये थांबवावी लागली, कारण काही रुग्णांची प्रतिकारशक्तीच भलतीकडे उसळली. खुद्द हृदयातही शास्त्रज्ञांचं एकमत पटकन होत नाही. ‘२१’ क्रमांकाचा मायक्रोआरएनए रोखला तर हृदयाचं ताठरपण कमी होतं, असं २००८ मध्ये थुम यांच्या गटानं दाखवलं. २०१० मध्ये ओल्सन यांच्या गटाला तो अजिबात नसलेल्या उंदरांतही तसंच ताठरपण दिसलं. विज्ञानात हे असंच चालतं. एकानं सांगितलं, दुसऱ्यानं पारखलं.

आजच्या गोळ्या काय करतात?

आता मामांच्या डबीकडे.

गेल्या काही वर्षांत हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे पंपिंग कमी झालेल्या प्रकाराच्या, उपचाराचे चार खांब ठरले आहेत. ताणाच्या संप्रेरकांपासून हृदयाला वाचवणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या. रक्तवाहिन्या सैल करून भार हलका करणाऱ्या गोळ्या. स्पायरोनोलॅक्टोनसारखी, मीठ-पाणी साठवणाऱ्या आणि हृदय ताठर करणाऱ्या संप्रेरकाला रोखणारी गोळी. आणि चौथी डॅपाग्लिफ्लोझिनसारखी, मुळात मधुमेहासाठी आलेली.

मामांची ‘शुगरची गोळी’ ती हीच. ४,७४४ रुग्णांच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले, या गोळीनं हृदयविकारानं मरण्याचं किंवा हार्ट फेल्युअर चिघळण्याचं प्रमाण सुमारे चौथ्या हिश्शानं कमी केलं. महत्त्वाचं म्हणजे, मधुमेह नसलेल्यांनाही तितकाच फायदा झाला. २०२० मध्ये पेटंट संपल्यापासून आपल्याकडे ती स्वस्तही झाली आहे.

पायाची सूज उतरवते ती लघवीची गोळी वेगळी. ती पाणी काढते, बरं वाटतं. बाकीच्या गोळ्यांचा परिणाम हाताला किंवा पायाला कळत नाही. त्या सावकाश हृदयाचा भार आणि त्याच्यावरचा संप्रेरकांचा मारा कमी करतात. आणि भार उतरला की पेशीतल्या चिठ्ठ्याही बदलू शकतात. निकामी हृदयाला मदत करणारा यांत्रिक पंप बसवलेल्या रुग्णांत हे दिसलं आहे. पंपानं भार घेतल्यावर बिघडलेले मायक्रोआरएनए बऱ्याच अंशी पूर्वपदावर आले होते, असं २००९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. म्हणजे भार हलका करणारा उपचार एका परीनं चुकीचे आदेश थांबवण्याचंच काम करतो, फक्त बाहेरून.

मग बरं वाटल्यावर गोळ्या सोडल्या तर? हा प्रश्न लंडनमध्ये ५१ रुग्णांवर नीट तपासला गेला. त्यांचं हृदय पूर्वी फुगलेलं होतं, औषधांनी पंपिंग पूर्ण सुधारलं होतं, लक्षणं नव्हती. निम्म्यांच्या गोळ्या देखरेखीखाली हळूहळू बंद केल्या. सहा महिन्यांत त्यांतल्या ४४ टक्के लोकांचा आजार परतला. गोळ्या चालू ठेवलेल्यांत एकाचाही नाही. हृदय बरं झालेलं दिसत होतं, पण ते गोळ्यांच्या आधारावर उभं होतं.

आपल्या देशाची नोंद जास्त अस्वस्थ करते. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेच्या पुढाकारानं आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीनं झालेल्या राष्ट्रीय हार्ट फेल्युअर नोंदणीत ५३ रुग्णालयांतले १० हजारांहून जास्त रुग्ण आहेत. त्यांचं सरासरी वय साठ, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा सुमारे दहा वर्षांनी कमी. सुमारे ७२ टक्क्यांना आजार रक्तवाहिन्यांच्या अडथळ्यातून आलेला. दवाखान्यात भरती झाल्यापासून तीन महिन्यांत दर सात रुग्णांमागे एक दगावला. आणि ठरलेली औषधं ज्यांना नीट मिळाली, असे निम्म्याहून कमी.

नवं औषध यायला किती वर्षं लागतील, याच्यापेक्षा हा शेवटचा आकडा मामांच्या वयाच्या माणसाच्या जिवाशी जास्त जवळचा आहे.

रोज पाहाव्यात अशा गोष्टी

हार्ट फेल्युअरच्या रुग्णानं घरी एवढं तरी करावं :

• सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, खाण्याआधी, रोज वजन करून वहीत लिहावं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते शरीरात साठलेलं पाणी असतं. डॉक्टरांना लगेच कळवावं.

• मीठ कमी म्हणजे फक्त भाजीतलं नव्हे. लोणचं, पापड, फरसाण, खारे शेंगदाणे हेही मीठच. पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवावं.

• गुडघे-कंबर दुखली म्हणून मेडिकलमधून वेदनाशामक गोळी परस्पर घेऊ नये. अशा बऱ्याच गोळ्या शरीरात पाणी साठवतात आणि हार्ट फेल्युअर वाढवतात.

• उशा वाढवाव्या लागणं, रात्री दम लागून उठावं लागणं, नवी सूज, चक्कर ही वाट न पाहण्याची लक्षणं आहेत.

• गोळी परवडत नसेल किंवा तिचा त्रास होत असेल, तर ती गुपचूप बंद करू नये. तसं सांगावं. डोस बदलता येतो, स्वस्त पर्याय मिळतो.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हणजे माझ्या हयातीत ते तुझं इंजेक्शन येईल?”

मी खरं ते सांगितलं. चाचणी यशस्वी झाली तरी त्यानंतर हजारो रुग्णांची मोठी चाचणी, मग मंजुरी, मग आपल्याकडची किंमत. वर्षं लागतील, आणि मधेच सगळं बारगळूही शकतं. पण ते आलं, तर ज्यांचं हृदय तोवर सांभाळलं गेलं आहे, त्यांनाच ते घेता येईल.

ते काही बोलले नाहीत. मामींनी डबी आणून ठेवली. मामांनी चष्मा लावला, एकेका गोळीचं नाव वाचलं, कुठली सकाळची नि कुठली रात्रीची ते जुन्या सवयीनं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रकाने पाडून लिहिलं आणि पहिल्या रकान्यात तारीख टाकली. मी निघालो तेव्हा वजनकाटा कुठे मिळतो, हे ते फोनवर कुणालातरी विचारत होते.